आप्पा म्हणतात आवाज नाही

त्या घरात सुनेची गाडी महिनाभर किंचाळत होती आणि घरातल्या कुणालाच ते कबूल नव्हतं. कारण आप्पांनी निकाल दिला होता. बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, डोळे मिटून, मान तिरकी करून त्यांनी ऐकलं होतं आणि सांगितलं होतं, की आवाज नाही. इंजिनाच्या बाबतीत आप्पांचा निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मग गाडीनं कितीही गळा काढला तरी तो गाडीचा आगाऊपणा समजायचा.

आप्पांना हा अधिकार काही फुकट मिळाला नव्हता. बसच्या डेपोत त्यांची हयात गेली होती आणि तिथे त्यांना सगळे कानसेन म्हणत. बस फाटकातून आत वळायच्या आधीच, बाकावर बसल्या बसल्या ते सांगायचे, की हिचा पंखा कुठेतरी घासतोय, तिचा व्हॉल्व्ह सैल आहे. बाकीचे मेकॅनिक इंजिन उघडून, हात काळे करून, दुपारपर्यंत त्याच जागी येऊन पोचायचे. ड्रायव्हर पैजा लावायचे आणि हरायचे. पुढे नोकरी संपली, केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले, पण नाव काही गेलं नाही. अजूनही गल्लीत कुणी गाडी घेतली की आधी आप्पांच्या दारात आणून चालू करी. आप्पांनी मान डोलावली की मगच त्या माणसाला आपण गाडी घेतली असं वाटे.

सून मात्र बिचारी कोड्यात पडली होती. ती शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिच्या मशिनी होत्या. शाळांचे शर्ट, दवाखान्यांचे कोट शिवून ती स्वतःच्या छोट्या गाडीतून पोचवायची. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर, त्यामुळे घरची सगळी धावपळ तिची आणि त्या गाडीची. मध्यंतरी गाडीच्या आल्टरनेटरचं, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या यंत्राचं, बेअरिंग गेलं, ते आप्पांनी घरच्या घरी बदलून दिलं, आणि तेव्हापासून गाडी चालू केली की तिला पुढून चिक् चिक् ऐकू यायचं. तिनं माईंना, म्हणजे सासूबाईंना विचारलं. माई म्हणाल्या, आप्पा नाही म्हणतात ना, मग नसेल. समोरच्या मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, कानसेन घरात असताना मी कोण सांगणारा. शेवटी पोरगी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन दोन्ही कान साफ करून आली. त्यानंतर आवाज जास्तच मोठा ऐकू यायला लागला. आप्पांनी सल्ला दिला, की शिवणकाम जरा कमी कर, डोक्याला शीण होतो.

हे सगळं आप्पांनी अगदी खऱ्या मनानं केलं होतं. त्यांना खरंच आवाज येत नव्हता. का येत नव्हता, ते त्यांना पुढे एका पाखरानं सांगितलं.

दारासमोरच्या झाडावर हल्ली पाखरं येत नाहीत म्हणून आप्पा हळहळत असत. हवा बिघडली, माणसांनी झाडं तोडली, असं ते येईल त्याला ऐकवत. एका सकाळी ते पायरीवर बसले असताना समोरच्याच फांदीवर एक पाखरू येऊन बसलं. त्यानं गळा फुगवला, चोच उघडली, शेपटी नाचवली, चोच मिटली. सगळं केलं, फक्त आवाज नाही. पाखरू उडून जाईपर्यंत आप्पा बघत राहिले. मग ते उठून आत गेले. माणसांचं बोलणं त्यांना कळत होतं, बसचा घरघराट कळत होता, पण वरच्या पट्टीतलं सगळं कुणीतरी हळूच काढून नेलं होतं. आणि सुनेच्या गाडीचा आवाज, ती सांगत होती त्यावरून, वरच्या पट्टीतलाच होता.

चूक कळल्यावर ती लगेच कबूल करील तो आप्पा कसला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ते गप्प राहिले. गप्प राहायला आणखी एक कारण होतं, आणि ते होतं दहाबारा.

दहाबारा हा आप्पांचा डेपोतला शिष्य. शिकाऊ असताना त्याच्याकडे कुठलाही पाना मागा, हा दहा-बाराचाच आणून द्यायचा, म्हणून ते नाव पडलं. आता त्याचं मोठं गॅरेज होतं, हाताखाली माणसं होती, तरी नाव तेच. त्यानं आप्पांना गळ घातली होती, की उस्ताद, रोज सकाळी माझ्या गॅरेजात येऊन बसा. हात लावू नका, नुसतं ऐका. आप्पांनी वरवर आढेवेढे घेतले, पण त्या रात्री आनंदानं त्यांना झोप लागली नव्हती. घरी बसून पेपर वाचणारा म्हातारा होणं त्यांना मुळीच जमत नव्हतं. इंजिनांच्या गर्दीत परत जायला मिळणार, कुणीतरी उस्ताद म्हणून हाक मारणार, याहून जास्त त्यांना आयुष्याकडून काही नको होतं. शनिवारी दुपारी दहाबाराचा फोन आला, की उद्या सकाळी न्यायला येतो, आणि येताना एक गाडी आणतो. तिचा आवाज गॅरेजात कुणालाच सापडेना.

आप्पांनी फोन ठेवला आणि त्यांना घाम फुटला. उद्याचं उद्या, पण दारात उभी असलेली सुनेची गाडी खरंच कोकलत असली, तर दहाबारा फाटकातच विचारणार, उस्ताद, घरच्या गाडीचं हे काय? गॅरेज राहिलं बाजूला, गल्लीत तोंड दाखवायची सोय उरणार नाही.

सून शेडमध्ये गाडीत शर्टांचे गठ्ठे भरत होती. आप्पा हात मागे बांधून तिथे गेले आणि म्हणाले, गाडी जरा बघू या.

ती म्हणाली, पण आवाज नाही ना आप्पा?

नसला तरी बघायला काय जातं, आप्पा म्हणाले. आज तू ऐकायचं आणि मला सांगायचं. मी तुझी परीक्षा घेणार. घरात एवढी विद्या आहे, ती कुणी घ्यायला नको का?

सुनेला हे नवीन होतं. पण महिनाभर ज्या आवाजावर कुणी विश्वास ठेवला नाही, त्याचं वर्णन कुणीतरी मागतंय म्हटल्यावर तिनं गठ्ठे खाली ठेवले. आप्पांनी तिला केस वर बांधायला लावले, बाह्या कोपराच्या वर दुमडायला लावल्या, फिरत्या पट्ट्याजवळ बोट न्यायचं नाही अशी तंबी दिली आणि इंजिन चालू करायला सांगितलं.

"सांग. कसा आहे?"

"कात्रीला धार नसली आणि रेशमी कापड कापायला घेतलं की अडखळते ना, तसा," ती म्हणाली. "सलग नाही. तुटक तुटक. इंजिन हळू असलं की मोजता येईल इतका सावकाश, आणि वेग वाढवला की चिक्‌ला चिक् चिकटते. पण पट्टी तीच राहते, आवाज वर चढत नाही."

आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. डेपोत त्यांनी किती शिकाऊ घडवले, त्याला गणती नाही. कसा आवाज येतो असं विचारलं, की एकजात सगळे म्हणत, जोरात येतो. पुढे काही नाही. आणि ही कापड कापणारी पोरगी आवाजाचं माप घेऊन आल्यासारखी बोलत होती. इंजिनाच्या फिरण्याबरोबर तुटक वाजतो, म्हणजे फिरत्या पट्ट्याची भानगड. इंजिनाच्या पुढच्या बाजूला एकच लांब पट्टा असतो. तो सगळ्या पुल्यांना, म्हणजे खाचांच्या चाकांना, वळसा घालून पाण्याचा पंप, आल्टरनेटर वगैरे मंडळींना फिरवतो. आप्पांच्या डोक्यातली जुनी चाकं फिरायला लागली, आणि घटकाभर ते आपली काळजी विसरूनच गेले.

त्यांनी तिला कपडे इस्त्री करताना पाणी मारायची फवाऱ्याची बाटली आणायला सांगितली. चालत्या पट्ट्याच्या आतल्या, रेघारेघांच्या बाजूवर लांबून थोडंसं पाणी मारायचं. पट्टा सैल असेल तर पाणी पडल्यावर जास्तच बोंबलेल. पण पुल्या एका रेषेत नसतील, पट्टा तिरका धावत असेल, तर ओला असेपर्यंत गप्प बसेल आणि सुकला की परत सुरू करील. बेअरिंग असेल तर त्याला पाण्याचं सोयरसुतक नाही, ते आपलं वाजतच राहील.

हे चाललेलं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून माईंनी सल्ला पाठवला, की त्या पट्ट्याला साबण लावा. आप्पा कडाडले. पट्ट्याला काहीही लावायचं नसतं, साबण नाही, पावडर नाही, तेल तर नाहीच. आवाज दाबला म्हणजे रोग बरा होत नाही. माई म्हणाल्या, पण आवाजच नाही ना? आणि खिडकी लावून घेतली.

सुनेनं पाणी मारलं. आवाज गप्प झाला, तिनं सांगितलं. थोड्या वेळानं म्हणाली, परत आला. परत मारलं, परत गेला, परत आला. आप्पांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक आल्टरनेटरच्या अंगावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली. ही युक्ती जुनी. बेअरिंग खराब असलं तर खरखर हाडातून डोक्यात येते, आणि ही खरखर खालच्या पट्टीतली, तिच्यासाठी कान लागत नाहीत. बेअरिंग ठणठणीत होतं. म्हणजे पट्टा तिरका धावतोय. आप्पांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं की माणूस गाफील होतो.

त्यांनी आणखी एकदा पाणी मारायला लावलं आणि विचारलं, आता? सून त्यांच्याकडे जरा निरखून बघत होती. म्हणाली, आता गेला.

"हं, गेला," आप्पा मान डोलावत म्हणाले. "मला कळलं. बरोबर त्याच क्षणाला गेला."

सुनेनं जाऊन चावी फिरवली. इंजिन बंद झालं. परत येऊन ती त्यांच्यासमोर उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की राग, ते आप्पांना कळेना.

"आप्पा, तो गेला नव्हता. मी पाणी मारलंच नाही, नुसती बाटली धरली होती. चांगला कोकलत होता."

आप्पांनी स्क्रूड्रायव्हर पुसला. पुसलेला परत पुसला. मग पाण्याच्या पिंपाशेजारच्या स्टुलावर ते बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, की पाखरंही ऐकू येत नाहीत.

सुनेला त्यांची दया आली होती, आणि त्याच वेळी महिनाभराचा रागही आला होता, आणि ती दोन्ही लपवणाऱ्यातली नव्हती. "मला वाटत होतं माझेच कान बिघडलेत," ती म्हणाली. "मी डॉक्टरकडे जाऊन आले आप्पा. तुमच्यावर विश्वास होता म्हणून."

चुकलं माझं, एवढंच ते म्हणाले, आणि हे दोन शब्द त्या घरात त्यांच्या तोंडून प्रथमच निघाले होते. मग त्यांनी उद्याचंही सांगून टाकलं. दहाबारा, गॅरेज, त्याची न सापडणारी गाडी, सगळं. सुनेनं ऐकून घेतलं. तिनं बाटली खाली ठेवली, हात पुसले आणि विचारलं, पट्टा तिरका धावतोय हे बघायचं कसं?

आप्पा सांगणार होते, पण त्याआधीच ती बाजूनं वाकली, एक डोळा मिटला आणि पट्ट्याच्या काठावरून बघायला लागली. शर्टाची शिवण सरळ आली की नाही हे ती रोज असंच बघायची. "इथून सरळ निघतोय," ती म्हणाली, "आणि वर त्या पुलीत शिरताना बाहेरच्या अंगाला जातोय. केसभरच. पण शिवण असती तर मी उसवली असती."

आप्पांनी तिची कापड बेतायची लांब पट्टी मागवली. ती खालच्या मोठ्या पुलीच्या तोंडावर सपाट टेकवून वर आल्टरनेटरच्या पुलीपर्यंत नेली. एका रेषेत असत्या तर पट्टी दोन्हीकडे नीट बसली असती. पण आल्टरनेटरची पुली थोडी पुढे आली होती, आणि खाली फट पडली होती. आप्पांनी त्या फटीत नख घातलं. त्यांच्या कानांनी दगा दिला असेल, बोटांनी नव्हता दिला. ती फट किती जाडीची आहे, हे त्यांच्या बोटाला ताबडतोब कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

आधी बॅटरीची वायर काढायची, त्यांनी सांगितलं. मग पट्टा कुठून कुठे वळतो ते लिहून ठेवायचं, नाहीतर बसवताना रडायची पाळी येते. सुनेनं कापडावर खुणा करायच्या खडूनं शेडच्या फरशीवर सगळ्या पुल्यांचे गोल काढले आणि त्यांच्यामधून पट्ट्याची वाट काढली. मग ताण देणाऱ्या पुलीला लांब पाना लावून तिनं आप्पांच्या सांगण्याप्रमाणे तो रेटला, आणि ताण सुटल्यावर आप्पांनी पट्टा काढून घेतला. तिनं एकेक पुली हातानं फिरवली. ती ऐके आणि आप्पा बोट टेकवून बघत. सगळ्या गुळगुळीत फिरत होत्या. पट्ट्याचा एक काठ मात्र विसविशीत झाला होता, धागे बाहेर आले होते. याला आता परत बसवण्यात अर्थ नाही, आप्पा म्हणाले.

मग त्यांनी आल्टरनेटरचा बोल्ट सोडवला. बोल्ट बाहेर आला आणि मागच्या फटीतून एक वॉशर टप्पकन फरशीवर पडला.

"ही माझी करणी," आप्पा म्हणाले.

डेपोतली त्यांची सवय होती. नवा बोल्ट बसवला की पाठीमागे एक वॉशर जास्तीचा. जुन्या बसना जाडजूड पट्टे असत. पुली वॉशरभर पुढे आली तरी ते तक्रार करत नसत, उलट बोल्ट जन्मभर सुटायचा नाही. या रेघारेघांच्या पट्ट्याला तेवढंही सोसत नाही. आप्पांना हे माहीत नव्हतं असं नाही, पण हाताला सवय लागली की तो डोक्याला विचारत नाही. आणि काम झाल्यावर गाडी जे ओरडून सांगत होती, ते ऐकणारे कान उरले नव्हते.

सुनेनं वॉशर उचलला. ती हसेल असं आप्पांना वाटलं होतं, पण ती म्हणाली, मी पण प्रत्येक गुंडीला एक टाका जास्त घालते, पातळ कापडाला त्यानंच भोक पडतं. आणि ती जुना पट्टा पिशवीत घालून सुट्या भागांच्या दुकानाकडे निघालीसुद्धा. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत आप्पा फाटकाशी उभे होते. इतकी वर्षं ही मुलगी आपल्या घरात आहे आणि आपण तिला फक्त मशीन चालवताना पाहिलं, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

नवा पट्टा आला. आप्पांनी पुल्यांच्या खाचा कोरड्या ब्रशनं साफ केल्या, आल्टरनेटर वॉशरशिवाय बसवला, पट्टी लावून बघितली. पट्टी दोन्हीकडे नीट बसली. फरशीवरच्या खडूच्या वाटेनं सुनेनं पट्टा चढवला, प्रत्येक खाचेत नीट बसला की नाही ते बोटानं चाचपलं, बॅटरीची वायर जोडली आणि चावी फिरवली.

आप्पांनी इंजिनाकडे बघितलंच नाही. ते सुनेच्या तोंडाकडे बघत होते. आधी तिच्या कपाळावर आठी होती. मग ती हळूहळू सुटली, आणि ती इतकी छान हसली, की आप्पांना इंजिन ऐकल्याचंच समाधान झालं.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली. "थांबला वाटतं एकदाचा," माई म्हणाल्या.

म्हणजे तुला ऐकू येत होता, आप्पांनी विचारलं. महिनाभर येत होता, माई म्हणाल्या. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून मी नाही म्हटलं. घरात एकमत असलेलं बरं.

संध्याकाळी सुनेनंच युक्ती काढली. आप्पांचं गॅरेज बुडावं असं तिला वाटत नव्हतं, मनापासून वाटत नव्हतं. ती म्हणाली, उद्या मी चहा घेऊन बाहेर येईन. आवाज सलग असेल तर ट्रेवर बोटानं रेघ ओढीन, तुटक असेल तर टिचक्या मारीन. आणि जिथून येतोय तिथे, बॉनेटखालच्या काठावर, तुमचा कप ठेवीन. पुढचं तुम्हाला कळेलच. आप्पांनी हे बरोबर नाही असं एकदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा काही ते म्हणाले नाहीत.

सकाळी दहाबारा आला. अंगानं चांगला सुटला होता, पण आप्पांच्या पायाला हात लावायला वाकला तेव्हा पूर्वीसारखाच अवघडला. त्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं, इंजिन चालू झालं. तो सांगू लागला, की वेग वाढवला की ही कुठेतरी शिटी घालते. पट्टा बदलून झाला, बेअरिंगं तपासून झाली, पोरांनी हात टेकले. आप्पांनी डोळे मिटले आणि मान तिरकी केली. त्यांना फक्त इंजिनाची घरघर येत होती. डोळे किलकिले करून त्यांनी बघितलं, तर सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती. दहाबारानं वेग वाढवल्यावर तिनं ट्रेवर एक लांब रेघ ओढली. मग ती गाडीभोवती सहज फिरली आणि आप्पांचा कप डाव्या अंगाला, इंजिनात हवा नेणाऱ्या जाड नळीच्या वर, काठावर ठेवला.

सलग शिटी, वेगाबरोबर वाढते, आणि हवेची नळी. आप्पांना विचार करायचीसुद्धा गरज पडली नाही. चीर वरून असती तर पोरांना दिसली असती. "नळीला खालून चीर आहे," ते म्हणाले. "दाबून धर तिथे."

दहाबारानं हात खाली घालून नळी दाबली आणि तसाच थांबला. मग हसू लागला. सोडली, दाबली, सोडली, दाबली, आणि दरवेळी जास्त हसला. अख्ख्या गॅरेजनं हात टेकले आणि उस्तादांनी डोळे न उघडता सांगितलं, म्हणाला. कान म्हणावेत तर हे. उद्यापासून गाडी पाठवतो, पोरांना समोर बसवतो, त्यांना कळू दे ऐकणं म्हणजे काय असतं. त्यानं आपला कप उचलला, एक घोट घेतला आणि सुनेकडे वळून म्हणाला, "वहिनी, चहा मात्र झकास झालाय हं."

सून हसली. खोटं नाही, खरंच हसली. आप्पांचं काम झालं होतं, तिला आनंद झाला होता, चहाची तारीफही तिनं घेतली. ज्या कौतुकासाठी आप्पा इतके दिवस झुरत होते, ते सगळं त्यांच्या अंगणात येऊन पडलं होतं, आणि त्यातलं एकही अक्षर त्यांचं नव्हतं. ज्या पोरीचं होतं, तिच्या वाट्याला चहा आला होता. आप्पा गर्विष्ठ होते, हट्टी होते, पण दुसऱ्याची कमाई आपल्या नावावर त्यांनी कधी खपवली नव्हती.

"इंजिन बंद कर," ते दहाबाराला म्हणाले. "आणि नीट ऐक. मला शिटी ऐकू आली नाही. मला पाखरंही ऐकू येत नाहीत. घरच्या गाडीत मी चुकीचा वॉशर घातला आणि महिनाभर ती ओरडत होती, तरी मला पत्ता नव्हता. तो दोषही हिनंच शोधला. तुझी शिटी हिनं ऐकली आणि कप ठेवून मला दाखवली. तुला गॅरेजात कान बसवायचे असतील तर ते हिच्याकडे आहेत. माझ्यात आता अर्धाच मेकॅनिक उरलाय."

दहाबारानं आप्पांकडे बघितलं, काठावरच्या कपाकडे बघितलं, आणि मग पहिल्यांदाच सुनेकडे नीट बघितलं. त्यानं आपला कप खाली ठेवला आणि खिशातल्या फडक्यानं हात पुसले. शिकाऊ असताना आप्पांसमोर उभं राहायच्या आधी तो असेच हात पुसायचा.

"वहिनी, तुम्हाला नेमकं काय ऐकू आलं?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. जाड कापड फाडायला घेतलं की पहिला धागा तुटायच्या आधी जो ताणलेला आवाज येतो, तसा. आणि तो डाव्या अंगाला, नळीच्या खालून येत होता, म्हणून कप तिथे ठेवला. दहाबारा मान खाली घालून ऐकत होता. मधेच एकदा त्यानं विचारलं, इंजिन गार असतानाही तसाच येईल का? ती म्हणाली, ऐकल्याशिवाय कसं सांगू.

हे उत्तर ऐकून आप्पांनी पायरीवर बसकण मारली. ते डेपोत हेच सांगत आले होते आणि एकाही शिकाऊनं ते कधी मनावर घेतलं नव्हतं. आता आपलं काय होईल ते होवो, असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं इतकं हलकं असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

दहाबारानं तिला विचारलं, गॅरेजात याल का? तिनं जरा विचार केला. आप्पांना वाटलं होतं ती लाजेल, नाहीतर माईंकडे बघेल. तसलं काही न करता तिनं आपल्या अटी सांगितल्या.

"सोमवारी मला शाळेचे शर्ट द्यायचेत. मंगळवारपासून सकाळची येईन, दुपारी माझं शिवणकाम," ती म्हणाली. "पण आप्पा नसतील तर येणार नाही. मला आवाज कळतो. तो कशाचा आहे, ते त्यांना कळतं."

हे वाक्य मात्र आप्पांना अक्षर न् अक्षर ऐकू आलं.